वापरलेली १० मीटर मॅच एअर रायफल विकण्याआधी: ओळख, तपासणी आणि भाव

मुलगी बारावीला गेली, नेमबाजी थांबली आणि रायफल कपाटात राहिली. किंवा मुलगा वरच्या मॉडेलवर गेला आणि जुनी विकायची ठरली. अशा वेळी विकणारा बहुतेकदा एवढेच सांगतो: "वॉल्थर आहे, कमी वापरलेली आहे, किती येतील?" या वाक्यावर कोणताही जाणकार पैसे मोजणार नाही. नेमके मॉडेल, हवेच्या सिलिंडरवरची तारीख आणि रायफल आज कशी मारते याचा पुरावा, या तीन गोष्टींवर भाव ठरतो. तिन्ही गोष्टी घरी आणि रेंजवर मिळून दोन-तीन दिवसांत तयार करता येतात.

इथे फक्त ४.५ मिमीच्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, एअर रायफलचा विचार केला आहे. भारतात ४.५ मिमी कॅलिबरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी मझल एनर्जी (नळीच्या तोंडाशी छऱ्याची ऊर्जा) असलेल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. मॅच रायफल साधारण साडेसात ज्यूलच्या आसपास असते. पॉइंट टू टू (.२२) काडतुसाची रायफल हे पूर्ण वेगळे प्रकरण आहे. तिला परवाना लागतो, घेणाराही परवानाधारकच लागतो, आणि तो व्यवहार शस्त्र कायद्याच्या रीतसर मार्गानेच करायचा असतो.

हात लावण्याआधी

लोडिंग लिव्हर उघडा, बॅरलच्या (नळीच्या) मागच्या तोंडात पेलेट, म्हणजे छर्रा, नाही याची डोळ्यांनी खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा. सिलिंडर काढायचा असेल तर हळूहळू फिरवा. शेवटच्या आट्यांवर थोडी हवा "फुस्स" करून निघते, तो दोष नव्हे. सिलिंडर निघाल्यावरही रेग्युलेटरच्या (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाच्या) बाजूला हवा उरलेली असते. ती सुरक्षित दिशेला बिनपेलेटचे शॉट मारून संपवा. मगच पुढचे काम.

मॉडेल ओळखणे

सर्वात आधी रायफल कोणत्या पद्धतीची आहे ते पाहा. बॅरलखाली लांब गोल सिलिंडर असेल तर ती प्री-चार्ज्ड, म्हणजे आधी भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी. सिलिंडर नाही आणि बाजूला लांब लिव्हर आहे, तर ती स्प्रिंगची असेल किंवा सिंगल स्ट्रोक न्यूमॅटिक. या दोघींतला फरक झटकन कळतो. स्प्रिंगच्या फाइनवर्कबाउ ३००एसमध्ये शॉट सुटताना वरचा सगळा ॲक्शन स्टॉकवर रुळासारखा मागे सरकतो. सिंगल स्ट्रोकमध्ये असे काही सरकत नाही, लिव्हरच्या एका फेरीत हवा दाबली जाते.

फाइनवर्कबाउ ही ओबर्नडॉर्फ आम नेकर या जर्मन गावची कंपनी. तिच्या पिढ्यांचा क्रम असा: ३००एस, मग सिंगल स्ट्रोकच्या ६००, ६०१, ६०२, ६०३, मग प्री-चार्ज्ड पी७०, ७००, ८०० आणि ९००. वॉल्थर आणि आन्शुट्झ या दोन्ही कंपन्या उल्मच्या. वॉल्थरची जुनी एलजीआर सिंगल स्ट्रोकची आहे. त्यानंतरच्या एलजी३००, एलजी३००एक्सटी, एलजी४०० आणि एलजी५०० सिलिंडरवाल्या. आन्शुट्झमध्ये एक सापळा आहे: २००२ ही साइड लिव्हरची सिंगल स्ट्रोक, तर २००२ सीए ही सिलिंडरवाली. जाहिरातीत "सीए" ही दोन अक्षरे गळली की घेणारा लिव्हरवाल्या रायफलचा भाव धरून बोलतो. पुढे ८००२, ९००३ आणि ९०१५. ऑस्ट्रियाच्या स्टायरमध्ये एलजी१००, एलजी११० आणि चॅलेंज.

एवढ्याने काम संपत नाही. एकाच मॉडेलचे चार-पाच प्रकार निघतात आणि त्यांच्या किमतींत मोठे अंतर असते. एलजी४०० ही अल्युटेक आहे, मोनोटेक आहे की लाकडी स्टॉकची साधी आवृत्ती, हे लिहायलाच हवे. फाइनवर्कबाउ ७०० आणि ८००मध्ये इव्होल्यूशन आणि ज्युनियर हे प्रकार मिळतात. ज्युनियरचा सिलिंडर आखूड असतो आणि स्टॉक लहान. तो पूर्ण वाढीच्या नेमबाजाला विकायला गेलात तर परत येईल.

मग या नोंदी घ्या: रिसीव्हरवरचा अनुक्रमांक, उजव्या की डाव्या हाताची, ग्रिपचा आकार (एस, एम, एल), ट्रिगर मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक. जर्मन रायफलवर पंचकोनात "एफ" अक्षराची खूण असते. तिथल्या कायद्याप्रमाणे ऊर्जा ७.५ ज्यूलच्या मर्यादेत आहे असा तिचा अर्थ. तिचा जवळून फोटो काढा, कारण रायफल कोणत्या ताकदीची आहे हा प्रश्न घेणाऱ्याच्या घरचे लोक हमखास विचारतात.

सिलिंडर: भावाचा सर्वात मोठा खड्डा

सिलिंडरच्या अंगावर महिना आणि वर्ष कोरलेले असते. काही कंपन्या निर्मितीची तारीख लिहितात, काही "इथपर्यंत वापरा" अशी. ही कोणती तारीख आहे हे मॅन्युअलमधून तपासा. या दोहोंत गल्लत झाली तर दहा वर्षांची चूक होते, कारण बहुतेक मॅच सिलिंडरचे आयुष्य निर्मात्याने दहा वर्षे ठरवलेले असते. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाने सिलिंडर मुदतीत असणे ही नेमबाजाची जबाबदारी आहे आणि इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्य-तपासणीत, ती तारीख पाहिली जाऊ शकते. मुदत संपलेला सिलिंडर कितीही चकचकीत असला तरी त्याची किंमत शून्य धरा. तो भरू नका, हवा काढून टाका, आणि "स्पेअर सिलिंडर" म्हणून यादीत घालू नका. निर्मात्याने ठरवलेली मुदत गावातल्या कुठल्या चाचणीने वाढत नाही. ॲल्युमिनियमचे भांडे दोनशे बारवर फुटले तर माणूस मरतो, म्हणून इथे दयामाया नको.

सिलिंडर २०० बारचा की ३०० बारचा (बार हे दाबाचे एकक), तेही त्यावरच लिहिलेले असते. वॉल्थर एलजी४००चा ३०० बारचा, फाइनवर्कबाउ ७०० आणि ८००चा २०० बारचा. दोनशेचा सिलिंडर तीनशेपर्यंत कधीही भरायचा नाही. उलट ३०० बारचा सिलिंडर २०० बारच्या टाकीवर भरला तर धोका काही नाही, फक्त शॉट कमी मिळतात. घेणाऱ्याच्या क्लबमध्ये कोणती टाकी आहे ते विचारून हे आधीच सांगा, नाहीतर "सिलिंडर खराब दिला" अशी तक्रार येते.

गळतीची चाचणी दोन टप्प्यांत करा. सिलिंडर भरल्यावर तो गरम होतो आणि गेज फसवे दाखवते. अर्धा तास थांबून आकडा लिहा, खोलीचे तापमानही लिहा. पहिले २४ तास सिलिंडर रायफलीपासून वेगळा ठेवा. पुढचे २४ तास रायफलीला लावून ठेवा. तापमान दहा अंशांनी उतरले तर २०० बारचा दाब सहा-सात बारने आपोआप खाली येतो, ती गळती समजू नका. वेगळा ठेवल्यावर दाब उतरला तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हचे सील गेले आहे. फक्त रायफलीवर उतरला तर दोष रेग्युलेटर किंवा फायरिंग व्हॉल्व्हच्या बाजूला आहे. हा निदानाचा फरक घेणाऱ्याला सांगता आला की घासाघीस निम्मी होते.

आपल्याकडे कोकणपट्टी आणि मुंबईत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. हातपंपाने किंवा ड्रायर नसलेल्या कॉम्प्रेसरने भरलेल्या हवेत ओल असते. ती सिलिंडरच्या आत ॲल्युमिनियमला खाते आणि पांढरी पूड तयार होते. सिलिंडर पूर्ण रिकामा करून जोडणीच्या तोंडाशी पांढरट भुकटी दिसते का पाहा. दिसली तर ती पूड रेग्युलेटरपर्यंत गेलेली असण्याची शक्यता धरा आणि सर्व्हिस करूनच विका. सिलिंडरचा व्हॉल्व्ह घरी उघडायचा नाही. आणि कुठल्याही जोडणीला साधे मशीनचे तेल किंवा वंगण लावायचे नाही, दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकते. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात पुरे.

वेग मोजणे

क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारे यंत्र, क्लबमध्ये बहुधा मिळतो. एकाच डब्यातले पेलेट घ्या, दहा शॉट मारा, प्रत्येक आकडा लिहा. मॅच रायफलचा वेग साधारण १६५ ते १७५ मीटर प्रति सेकंद असतो. ०.५३ ग्रॅमचा पेलेट १७० मीटरने गेला तर ऊर्जा ७.६६ ज्यूल भरते. सरासरीपेक्षा महत्त्वाचा आहे सर्वात वेगवान आणि सर्वात मंद शॉटमधला फरक. तो तीन मीटर किंवा कमी असेल तर रायफल छान आहे. पाच-सहाच्या पुढे गेला तर रेग्युलेटर आणि सील तपासायला हवेत.

मग रायफल कॉक न करता, सिलिंडर लावलेला ठेवून पंधरा मिनिटे बाजूला ठेवा आणि पुन्हा एक शॉट मारा. हा पहिलाच शॉट आधीच्या सरासरीपेक्षा ठळकपणे वेगवान निघाला, तर रेग्युलेटरचे सील पूर्ण बसत नाही आणि विश्रांतीत दाब हळूहळू वर चढतो. या दोषाला क्रीप म्हणतात. फायनलमध्ये दोन मालिकांमध्ये थांबावे लागते, तिथे हा दोष थेट गुण खातो. म्हणून जाणकार प्रशिक्षक हीच चाचणी आधी करायला सांगेल. तुम्ही आधी केलेली बरी.

सिंगल स्ट्रोक रायफलीत चाचणी वेगळी. लिव्हर बंद करून लगेच पाच शॉट, आणि लिव्हर बंद करून एक मिनिट थांबून पाच शॉट. थांबल्यावर वेग पडला तर पंपाचे सील कडक झाले आहे. ३००एसमध्ये वेग कमी आणि बॅरलमध्ये पिवळट-तपकिरी चुरा सापडला, तर आतले जुने बफर-सील झिजून गेले असे समजा. सुटे भाग मिळतात, पण काम जाणकाराचेच आहे.

बॅरल आणि साइट

मॅच रायफलचे बॅरल पेलेटने सहसा झिजत नाही, शिसे मऊ असते. ते बिघडते चुकीच्या सफाईच्या सळईने आणि गंजाने. मझल, म्हणजे नळीचे पुढचे तोंड, भिंगाखाली पाहा. कडेला एक बारीकसा ओरखडा असला तरी पेलेट सुटताना हवा एकीकडून आधी निसटते आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, ताणला जातो. आतून पाहायचे तर मागून फेल्टचे सफाईचे पेलेट ढकला. काळे शिसे निघणे ठीक, तपकिरी गंज निघाला तर किंमत उतरवा आणि तसे लिहा. आणखी एक चाचणी: साधा पेलेट मागून मऊ, आवरण असलेल्या सळईने हळू पुढे न्या. शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये तो किंचित घट्ट होतो, कारण तिथे चोक, म्हणजे नळीचा मुद्दाम अरुंद केलेला भाग, असतो. मधेच कुठे अडखळला तर तिथे डाग किंवा पोचा आहे.

पीप साइटचे (मागच्या, बारीक छिद्रातून नेम धरायच्या साधनाचे) काम तपासायला लोक विसरतात आणि तिथेच फसवणूक ओळखता येते. रायफल वाइसमध्ये धरून एका बिंदूवर लावा, साइट दहा क्लिक उजवीकडे न्या, दहा डावीकडे आणा. नेम त्याच जागी परत आला पाहिजे. मागे-पुढे होताना मोकळा खेळ जाणवला तर स्क्रूचे आटे झिजले आहेत. गेमन, सेंट्रा, एमईसी या कंपन्यांचे आयरिस (छिद्र लहान-मोठे करणारा भाग) आणि इन्सर्ट (पुढच्या साइटमधली कडी) असतील तर वेगळी यादी करा. हे भाग स्वतंत्र विकले जातात, रायफलीच्या भावात गडप करू नका.

ट्रिगर आणि स्टॉक

ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. गेज लटकवून दहा वेळा वजन मोजा. आकडा दर वेळी तोच यायला हवा. घसरत गेला तर आत मळ किंवा घट्ट झालेले ग्रीस आहे. मग रायफल कॉक करा, पेलेट नाही याची पुन्हा खात्री करा आणि बट रबरी मॅटवर हलकेच आपटा. ट्रिगर सुटला तर अशी रायफल दुरुस्तीशिवाय विकू नका. ड्राय फायरची (पेलेट आणि हवेविना ट्रिगरच्या सरावाची) कळ चालते का पाहा, कारण घरचा निम्मा सराव त्यावर असतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर बॅटरी फुगली आहे का आणि चार्जर आहे का, हे तपासा.

वॉल्थर आणि फाइनवर्कबाउमध्ये धक्का शोषणारा ॲब्सॉर्बर असतो. तो अडकला तर प्रत्येक शॉटला बारीक टोचल्यासारखे जाणवते. नवशिक्याला ते कळत नाही, मुरलेल्या नेमबाजाला पहिल्याच शॉटला कळते.

ॲल्युमिनियम स्टॉकवर घामाने पडलेले पांढरे ठिपके चीकपीस आणि ग्रिपच्या जवळ शोधा. ते वरवरचे असतील तर भाव फारसा पडत नाही. कापलेली किंवा पुट्टी लावून घडवलेली ग्रिप मात्र पुढच्या हाताला बसत नाही. नवी ग्रिप किती पडते ते शोधून तेवढे वजा करा. मूळ ग्रिप जपून ठेवली असेल तर ती लावूनच फोटो काढा. फोटोपूर्वी सर्व स्क्रू मॅन्युअलमधल्या टॉर्कने कसून घ्या. ग्रुप फाकण्यामागे सैल स्टॉक स्क्रू हे सर्वात साधे आणि सर्वात जास्त वेळा सापडणारे कारण आहे.

चाचणीचे टार्गेट

कारखान्यातून रायफलीबरोबर एक टेस्ट टार्गेट येते. ते सापडले तर जपा, पण ते नव्या रायफलीचे आहे. घेणाऱ्याला आजचे हवे. रायफल जड वाइसमध्ये, रबर लावून, दहा मीटरवर बसवा. पहिले पाच शॉट बसण्यासाठी सोडून द्या. मग एकेका पेलेटचे दहा शॉट. किमान तीन-चार प्रकार वापरा: आरडब्ल्यूएस आर१०, एच ॲण्ड एन फिनाले मॅच, जेएसबी, आणि शक्य असेल तर ४.४९, ४.५० अशी डोक्याची वेगवेगळी मापे. छिद्राची बाहेरून बाहेर रुंदी मोजा आणि ४.५ मिमी वजा करा, उरते ते केंद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर. चांगली रायफल जमलेल्या पेलेटने दीड-दोन मिलिमीटरच्या आत राहते. दहाचा ठिपकाच अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणून इथे प्रत्येक दशांश मोजायचा.

एकाच पेलेटने ग्रुप वाईट आला तर रायफलीला दोष देऊ नका. चारही पेलेटने आला तर क्रमाने स्क्रू, मझल, मग वेगातला फरक तपासा. टार्गेटवर तारीख, पेलेटचे नाव, माप आणि अनुक्रमांक लिहा.

भाव काढणे

आधी आजच्या तारखेला त्याच तोडीची नवी रायफल भारतात घरपोच कितीला पडते ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच. पाच वर्षांपूर्वीचे बिल इथे उपयोगाचे नाही, युरो आणि कर दोन्ही हलतात. मग वापरलेलीचे प्रमाण शोधा. जर्मनीत ईगन या लिलावाच्या संकेतस्थळावर तुमचे मॉडेल किती टक्क्यांना जाते ते पाहा. रुपयांत थेट बदल करू नका, फक्त नव्या आणि जुन्याचे प्रमाण घ्या. लोक काय मागतात तो आकडा सोडा, सौदा किती रकमेला झाला तोच धरा.

सिलिंडर या हिशेबात नेहमी वेगळा ठेवा. उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा सिलिंडर न धरता रायफलीचा पाया १,५०,००० निघाला. नवा सिलिंडर ३०,०००चा आहे आणि तुमच्या सिलिंडरची दहापैकी तीन वर्षे उरली आहेत, तर त्याचे ९,००० मिळवा. दुसरा सिलिंडर मुदतीबाहेर, त्याचे शून्य. रेग्युलेटरला क्रीप आहे आणि सर्व्हिसचा अंदाज १२,००० आला, ते वजा. हाती आले १,४७,०००. पेटी, मॅन्युअल, पंपाचा ॲडॅप्टर, मूळ वजने यांतले जे नाही त्याची नवी किंमत काढून तेवढी घटवा. जॅकेट, पॅण्ट, बूट आणि उरलेले पेलेट या सौद्यात मिसळू नका. ते मापाचे असतात आणि वेगळे विकले तर जास्त येतात.

सर्व्हिस आधी करून घ्यावी की भाव उतरवावा? आमच्या मते सील आणि रेग्युलेटरची सर्व्हिस आधी करून पावती जोडावी, कारण घेणारा अज्ञात दोषापोटी खर्चाच्या दुप्पट कापतो. ग्रिप, रंग आणि ठिपके यांवर मात्र एक रुपयाही घालू नका. घेणारा ते स्वतःच्या हाताप्रमाणे बदलणारच आहे.

कागद आणि पाठवणी

मूळ बिल आणि आयातीचे कागद शोधा. खेळाडू म्हणून शुल्कात सवलत घेऊन आणलेली रायफल असेल, तर त्या परवानगीत पुनर्विक्रीची अट आहे का ते शब्दन् शब्द वाचा. अट असेल आणि ती पाळली नाही, तर जबाबदारी विकणाऱ्यावरच येते. विक्रीपत्रात मॉडेल, अनुक्रमांक, सिलिंडरचा क्रमांक व तारीख, आणि सांगितलेले दोष लिहा. दोघांच्या सह्या आणि ओळखपत्राच्या प्रती ठेवा.

शक्य तिथे घेणाऱ्याला रेंजवर बोलवा, बालेवाडी असो की कोल्हापूर, आणि त्याच्याच पेलेटने दहा शॉट मारू द्या. बाहेरगावी पाठवायची असेल तर सिलिंडर पूर्ण रिकामा करून वेगळा बांधा, दोन्ही तोंडांवर टोपणे लावा, साइट काढून वेगळ्या डब्यात ठेवा आणि बॅरलच्या टोकाला फोम गुंडाळा. पेटीचा आणि आतल्या प्रत्येक भागाचा फोटो पॅकिंगच्या दिवशीच घेणाऱ्याला पाठवा. रक्कम खात्यात जमा झाल्यावरच कुरिअरची पावती फाडा.